मागच्या रांगेतला आवाज

गाणं ऐकताना मुख्य गायिकेच्या मागे सूर धरणाऱ्या बायकांकडे आपलं कितीसं लक्ष जातं? आज आम्ही अशाच एकीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव डार्लिन लव्ह.

डार्लिनचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे गळा तयार झाला तो चर्चमध्ये. पुढे ‘द ब्लॉसम्स’ या कृष्णवर्णीय मुलींच्या गटातून ती स्टुडिओत मोठमोठ्या गायकांना साथ करू लागली.

१९६२ मध्ये तिनं ‘ही इज अ रेबेल’ हे गाणं गायलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण रेकॉर्डवर नाव होतं ‘द क्रिस्टल्स’ या दुसऱ्याच गटाचं! निर्माता फिल स्पेक्टरला गाणं घाईनं बाजारात आणायचं होतं आणि त्या मुली होत्या दूर न्यूयॉर्कला. डार्लिनच्या हाती आले ते फक्त गायनाचे ठरलेले पैसे. पुढचं गाणं तुझ्या नावानं काढू, असं तिला सांगितलं गेलं. तेही क्रिस्टल्सच्याच नावानं निघालं.

पुढे काम आटत गेलं. १९८० नंतरच्या काळात तर ती पोटासाठी लोकांच्या घरची साफसफाई करत होती. एकदा कुणाचं तरी न्हाणीघर घासताना रेडिओवर नाताळचं गाणं लागलं. आवाज तिचाच होता! तिथंच तिनं ठरवलं, आपली जागा इथं नाही, गाण्यात आहे. ती पुन्हा उभी राहिली. थकलेल्या मानधनासाठी कोर्टात गेली आणि जिंकलीसुद्धा. २०११ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला मानाचं स्थान मिळालं. साथीच्या गायिकांवरच्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या माहितीपटात तीही आहे. त्याला २०१४ मध्ये ऑस्कर मिळालं.

मैत्रिणींनो, घासणीचं काम हलकं, असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. त्याच कष्टानं तिला तारलं. आम्हाला खुपतं ते एवढंच, की राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचं. तुम्ही केलेल्या कामाच्या कागदावर कुणाचं नाव आहे, ते सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर दुसरीकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?