तटबंदी नसलेलं गाव

मंडळी, गावाचा इतिहास म्हटला, की आपण गढी शोधतो, किल्ला शोधतो, नाहीतर एखादा ताम्रपट. ते सापडलं नाही, की म्हणतो, "आमच्या गावाला कसला आलाय इतिहास!" वास्तविक दहा घरांच्या वस्तीलाही इतिहास असतो. तो वेळेवर लिहून ठेवला नाही, तर मात्र जातो. आमचं कुपवाडच घ्या. शेतीचं गाव, पुढं कारखाने आले, आणि १९९८ साली ते सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेलं. आज तिथल्या मुलांना जुन्या शिवारांची नावं विचारून पाहा!

याच सांगली जिल्ह्याच्या ईशान्येला, आटपाडीजवळ, एक वस्ती आहे. नाव स्वतंत्रपूर. नावात स्वातंत्र्य आणि राहणारे मात्र कैदी!

आटपाडीचा हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. संस्थान लहान, बहात्तर गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्या राज्यघटनेला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि त्यांचे स्नेही मॉरिस फ्रीडमन यांचा या कामात मोठा वाटा. फ्रीडमन मूळचे पोलंडचे, पेशानं इंजिनिअर. पुढं भारतानंद या नावानं ओळखले गेले. गावाचा कारभार गावकऱ्यांवर सोपवायचा, तर चुकलेल्या माणसावरही विश्वास का टाकू नये? या विचारातून त्याच साली स्वतंत्रपूर वसलं.

इथं उंच तट नाही. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यानं इथं यावं, बायकामुलांसह राहावं, जमीन कसावी. त्यांत खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारेही आले. माणदेशाची ही जमीन, पाऊस बेताचा. अशा रानात पीक उभं करायचं तर रोज उठून राबावं लागतं. आणि रोज राबणाऱ्या माणसाला उद्याची काळजी लागते. ज्याला उद्याची काळजी आहे, तो पळून कशाला जाईल?

१९४८ साली संस्थान विलीन झालं, तरी ही वसाहत टिकली. १९५७ साली शांतारामबापूंनी या प्रयोगावरून 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. कथा गदिमांची, त्यांचं माडगूळ गाव याच आटपाडी भागातलं. बोलपटाचं कौतुक बर्लिनपर्यंत झालं.

आणि इथंच खरी अडचण आहे. बोलपट सर्वांना आठवतो, गाव फारसं कुणाला ठाऊक नाही. इतर गावांत आजोबा नातवाला सांगतो, म्हणून आठवण टिकते. स्वतंत्रपुरात शिक्षा संपली, की कुटुंब आपल्या मुलखाला निघून जातं. तिथं आजोबाच उरत नाही. मग त्या गावाची आठवण कुणाजवळ असणार? शेजाऱ्यांजवळ. ज्यांच्या बांधाला त्यांचा बांध लागला, ज्यांच्या बाजारात त्यांची भाजी आली, त्या माणसांजवळ. सरकारनं विश्वास टाकला हे कागदावर सापडेल. शेजाऱ्यांनी तो कसा टाकला, हे कोणत्या दप्तरात सापडायचं?

म्हणून त्या भागातल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना म्हाताऱ्या माणसांकडं पाठवा. तिथं पहिली विहीर कुठं होती? पीक कोणतं निघे? तिथली मुलं कोणत्या शाळेत बसत? सुरुवातीला भीती वाटली का, आणि ती कधी गेली? एवढंच विचारायचं. कोण कैदी, त्यानं काय केलं, हे मात्र विचारायचं नाही. शिक्षा भोगून गेलेल्या माणसाला आपलं नाव पुसून टाकण्याचा हक्क आहे. गावाचा इतिहास लिहिताना त्याच्या दारात पुन्हा बेडी नेऊन टाकायची नाही, एवढं पथ्य पाळावं.

आणि आटपाडीच कशाला? तुमच्याही शिवेला एखादी वस्ती असेलच, जिचं कुणी लिहिलेलं नाही. सांगणारी माणसं हयात आहेत, तोवर त्यांच्याकडं जाऊन या.