कॅप्टन स्कॉट : पराभूताला न्याय



आपल्या इंदूरजवळच्या महू छावणीत लॉरेन्स ओट्स नावाचा एक घोडदळाचा अधिकारी होता. पुढे तो कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत गेला, आणि परतला नाही.

१७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोचले. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे पोहोचले होते. परतीच्या वाटेवर पाचही जण मृत्युमुखी पडले. जगाने स्कॉटना वीर मानले. पुढे १९७९ मध्ये रोलंड हंटफर्ड यांच्या ग्रंथाने त्यांना अकार्यक्षम ठरविले.

स्कॉट यांच्या चुका मी नाकारीत नाही. आखणी चौघांची असता त्यांनी पाचवा सोबती घेतला. परंतु २००१ मध्ये सुसान सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ विदुषीने हवामानाच्या नोंदी तपासून दाखविले की, त्या मार्चमधील थंडी तेथील नेहमीच्या मानाने फारच तीव्र होती. हा दोष नेत्याचा कसा म्हणावा?

मृत्यू समोर दिसत असताही त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म निघाले. तीच पाने आपल्याकडील गोंडवन कोळशाच्या थरांत सापडतात. अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी जोडलेले होते, याचा तो एक पुरावा.

शर्यत हरलेला मनुष्य कर्तव्यात हरलेला असतोच असे नाही. निकाल देण्यापूर्वी सर्व कागद वाचावेत, हे मी याच शाळेत शिकलो. तेवढा न्याय स्कॉटनाही मिळावा, इतकीच माझी विनंती.