तारपा नाचाचे कार्ड
(कोलशेत येथे मंडळीपुढे केलेले भाषण)



मागच्या नाताळात आपण आमच्या वारली मुलींनी रंगवलेली भेटकार्डे घेतलीत. सगळ्यांवर एकच चित्र होते, तारपा नाच. “तेच खपते, दुसरे काढू नका,” असे मीच त्यांना बजावले होते. इथे कार्डे पोचवायला आलेल्या एका मुलीने परत जाऊन कोलशेतची खाडी आणि काठावरचे उंच टॉवर काढले. ते कार्ड मी बाजूला ठेवले.

मला डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आठवायला हवे होते. लग्नाचा चौक लिहिणे हे वारली बायकांचे काम. पण १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने म्हसे कागदावर रोज चित्रे काढू लागले. माणूस तोच, दोन त्रिकोणांचा. मात्र त्यांनी मासेमारीचे जाळे काढले ते बारीक रेघेरेघेने, जवळजवळ कागदभर! २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हात तयार नसता तर ते जाळे जमलेच नसते, हे मुलींना मी रोज सांगतो. पण नुसता सफाईदार तारपा आता छापील कपावरही मिळतो. यंत्राच्या दराला आमच्या मुली कशा पुरणार?

म्हणून यंदा निम्मी कार्डे त्यांच्या मनाची आहेत. किंमत थोडी जास्त आहे. खाडीचे कार्ड बाहेर टेबलावर सर्वांत वर ठेवले आहे.