घर, काम आणि एकटेपण

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरी बसून काम करण्याची पद्धत 2020 च्या टाळेबंदीत सुरू झाली, असा सुशिक्षितांचा समज आहे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरातच विड्या वळत आल्या आहेत. टाळेबंदीत मीही घरी बसून भाषांतरे केली, तेव्हा त्यांचे सुखदुःख मला प्रथमच थोडेसे कळले.

यातील सुख नाकारण्याचे कारण नाही. मुकादमाची नजर नसते. मूल शेजारी निजलेले असते, आजारी सासूला पाणी देता येते, मध्येच उठून भाकरी टाकता येते. स्वतःच्या कमाईचा अभिमानही असतो. तो खोटा ठरविणारा कार्यकर्ता त्या घराचा उंबरठा कधीच ओलांडू शकणार नाही.

परंतु दुःखही तेथेच आहे. सूप मांडीवर आले की घराचा कारखाना होतो. जागा आणि दिवा कामगाराचा, नफा मालकाचा. तंबाखूची धूळ निजलेल्या मुलाच्याही श्वासात जाते. दिवस संपतो, काम संपत नाही; वर घरचे म्हणतात, 'तू तर घरीच असतेस!' हे वाक्य मीही ऐकले आहे. सर्वांत जड असते ते एकटेपण. तपासणीत काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या, की घरी परतलेली स्त्री स्वतःच्याच बोटांना दोष देते. रांगेतल्या शेजारणीच्याही विड्या काढल्या गेल्या काय, हे तिने विचारलेलेच नसते.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार संमत केला. भारत सरकारने अद्याप त्यास मान्यता दिलेली नाही. ती मिळविण्यासाठी लढले पाहिजेच. परंतु 'मी कामगार आहे' ही जाणीव केवळ कायद्याने येत नाही.

विड्या जमा करण्याच्या रांगेत या स्त्रिया एकमेकींना भेटतात. आपले काम तेथूनच सुरू झाले पाहिजे. जिला घर सोडता येत नाही, तिच्या दारी आपण जावे. यांतील बहुसंख्य स्त्रियांची मातृभाषा तेलुगू आहे. म्हणून केवळ मराठी पत्रक नव्हे, तर तेलुगू बोलणारी कॉम्रेड सोबत हवी. तिचे हात चालू राहू द्यावेत आणि आपण आधी ऐकून घ्यावे. संघटनेची सुरुवात त्या ऐकण्यातूनच होईल.