बंदूक जुनी बरी की नवी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या नंदनवनात फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. निवृत्तीनंतर घरी बसणं त्यांना जमेना. सुरक्षा रक्षकाची नोकरी मिळत होती; पण स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर पगार थोडा जास्त. त्यांनी रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, परवाना हातात आला. आता प्रश्न राहिला बंदुकीचा. दुकानात त्यांना दोन बंदुका दाखवण्यात आल्या. दोन्ही बारा बोअरच्या, दोन्ही पंप अ‍ॅक्शन. एक जुनी, परदेशी बनावटीची, नळीवरचा निळसर रंग जागोजागी उडालेला. दुसरी भारतीय, कोरी करकरीत. गंमत म्हणजे जुनीची किंमत जास्त! दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, असा माल आता येत नाही.’’

हवालदार संध्याकाळी माझ्याकडे आले. मी उमेदीची वर्षं लष्कराची शस्त्रं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘भाऊ, आयुष्यभराच्या पुंजीतले पैसे घालतोय. भरवसा कोणावर ठेवू, जुनीवर की नवीवर?’’

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. बँकेत पेन्शनच्या दिवशी रांग लागते. रांगेत म्हातारी माणसं असतात, कडेवर नातू घेतलेल्या आजी असतात. दाराशी बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला रोज दिसतो. त्याच्या हातातली बंदूक नको तेव्हा उडाली, किंवा हवी तेव्हा उडाली नाही, तर भोगावं लागणार आहे ते त्या रांगेला. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी पंप अ‍ॅक्शन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी दिसते ती एकनळी किंवा दुनळी. ती मधोमध मोडायची, काडतूस घालायचं, बंद करायची. पंप अ‍ॅक्शनला नळी एकच असते. नळीच्या खाली दुसरी एक बारीक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली. डाव्या हातात एक सरकती मूठ असते. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवं वर उचललं जातं. पुढे ढकलली की ते नळीच्या तोंडाशी, म्हणजे चेंबरमध्ये जाऊन बसतं आणि कुलूप लागतं. स्प्रिंगा, नख्या, पट्ट्या असे बरेच हलते भाग या कामाला जुंपलेले असतात. दुनळीत ही भानगड नाही. आणि बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी.

आता जुन्या परदेशी बंदुकीला इतका भाव का? कारण सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. त्यापूर्वी आलेल्या बंदुकाच या हातातून त्या हातात फिरत राहिल्या. वस्तू दुर्मिळ झाली की भाव चढतो. पण भाव दुर्मिळतेचा असतो, भरवशाचा नसतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, हे मी हवालदारांना पहिल्यांदा सांगितलं.

तरीही ‘जुनं ते सोनं’ या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग या कारागिराच्या आराखड्यावर विंचेस्टर कंपनीने १८९७ साली एक पंप बंदूक काढली. १९१२ साली तिच्या पुढची निघाली. या बंदुकांचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले, हाताने घासून बसवलेले. पुढे मजुरी वाढली आणि हे काम परवडेनासं झालं. १९६४ साली त्या कंपनीने आपल्या अनेक बंदुकांच्या घडणीत काटकसर केली. तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ हा शब्द तिकडच्या बाजारात बढतीचं प्रमाणपत्र होऊन बसला. रेमिंग्टनची ८७० ही बंदूक १९५० साली आली आणि आजवर एक कोटीहून जास्त विकली गेली. तिचाही स्वस्त अवतार पुढे निघाला. त्याचं चेंबर खरबरीत आहे, रिकामं काडतूस अडकतं, वरचा थर लवकर गंजतो, अशा तक्रारी झाल्या. ती कंपनी २०१८ साली आणि पुन्हा २०२० साली दिवाळखोरीत गेली. तेव्हा नव्यात कसर असते, हे खरं आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. आपल्या घरात आजोबांच्या काळातला छताचा पंखा अजून फिरत असतो. आपण म्हणतो, तेव्हाच्या वस्तूच दणकट! पण त्याच साली घेतलेले जे पंखे दोन उन्हाळ्यांत जळले, ते भंगारात गेले. ते आज साक्ष द्यायला येत नाहीत. बंदुकांचंही तसंच. वाईट निघालेल्या मोडीत गेल्या, चांगल्या तेवढ्या उरल्या, आणि उरलेल्यांकडे बघून आपण सगळ्या पिढीला शाबासकी देतो.

शिवाय जुन्या आराखड्यात काही गोष्टी अशा होत्या की त्या आज कोणी पत्करणार नाही. त्या १८९७ च्या बंदुकीत, आणि तिच्या काळातल्या आणखी काही बंदुकांत, चाप दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली की कुलूप लागताक्षणी बार उडतो. दर वेळी चाप सोडून पुन्हा दाबावा लागत नाही. पुढच्या आराखड्यांत हा दोष काढून टाकणारा एक भाग घातला गेला. बँकेच्या दाराशी, घाबरलेल्या माणसाच्या हातात अशी बंदूक देणं म्हणजे काय, याचा विचार तुम्हीच करा.

मग उत्तर काय? माझा अनुभव असा की यंत्राला माणसासारखीच दोन वयांत दुखणी जास्त होतात. एक बाळपणात, दुसरं म्हातारपणात. नव्या बंदुकीत कुठे लोखंडाची बारीक कोर राहिलेली असते, कुठे स्प्रिंग घट्ट, कुठे भाग नीट न बसलेला. हे दोष पहिल्या काही डझन बारांतच बाहेर पडतात. जुन्या बंदुकीत स्प्रिंग थकलेली असते, काडतूस ओढून काढणारी नखी झिजलेली असते, दस्त्याला केसासारखी चीर असते. मधल्या वयात दोन्हीही बिनतक्रार चालतात. म्हणजे विचारायचा प्रश्न ‘कोणत्या सालची?’ हा नव्हे. ‘ही, या नंबरची, माझ्या समोर ठेवलेली बंदूक तपासली आहे का?’ हा प्रश्न.

आमच्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काम केलेल्या कोणालाही विचारा. तो सांगेल, वस्तू तयार झाली म्हणजे काम झालं नाही. तपासणीचा शिक्का पडला म्हणजे झालं. बंदुकीच्या नळीवरही असा शिक्का असतो. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी टिकते का ते बघतात आणि मगच छाप मारतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला हे काम १८१३ पासून चालू आहे. आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं नाव या कामात घेतलं जातं. बारा बोअरची देशी पंप अ‍ॅक्शनही तिथेच बनते. पण शिक्का हा त्या दिवसापुरता. त्यानंतर बंदुकीने किती पावसाळे पाहिले, ते शिक्का सांगत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी हवालदारांबरोबर दुकानात गेलो. आधी कागद. बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का? मग दोन्ही बंदुका रिकाम्या आहेत याची खात्री, डोळ्यांनी आणि बोटानेही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुनळी मोडली की ती भरलेली आहे की रिकामी, हे चार माणसांना दिसतं. पंप अ‍ॅक्शनमध्ये खालच्या नळीतली काडतुसं काढली तरी एक वर चेंबरमध्ये राहू शकतं, आणि माणूस ‘रिकामी आहे’ म्हणत निर्धास्त होतो. सेफ्टीचं बटण फक्त चाप अडवतं. आतलं काडतूस काही ते नाहीसं करत नाही.

मग नळीतून उजेडाकडे पाहिलं. खड्डे, पोचा, फुगवटा काही आहे का? चेंबरची लांबी मोजली. जुन्या विलायती बंदुकांची चेंबर अडीच इंची असत, आजची काडतुसं बहुधा पावणेतीन इंची. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसतं खरं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. पण बार होताना ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चाललं’ हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो.

त्यानंतर ड्रिलची खोटी काडतुसं भरून मूठ ओढली. आधी सावकाश, मग जोरात, मग नळी वर करून, मग खाली करून. जुन्या बंदुकीची चाल लोण्यासारखी होती. हवालदारांचा चेहरा फुलला. मग मी सगळी काडतुसं काढून, चाप दाबून धरून मूठ पुढे ढकलली. आतला घोडा टक्‌ करून पडला. तोच जुना दोष! दुकानात क्षणभर कोणी बोललं नाही.

आता नवी. तिची चाल खरबरीत. आणि आठ-दहा वेळा ओढल्यावर एकदा काडतूस बाहेर न येता आतच राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बघितलं तर चेंबरच्या कडेला लोखंडाची बारीक कोर राहिली होती. म्हणजे एकीला म्हातारपणाची व्याधी, दुसरीला बाळपणाची. फरक इतकाच, की नवीचं दुखणं कारागिराच्या हाताने बरं होण्यासारखं होतं. जुनीचा दोष तिच्या आराखड्यातच होता. नवी बंदूक दुरुस्त होऊन आली. मग रेंजवर नेऊन तिच्यातून पंचवीस बार काढले, तेव्हा कुठे हवालदारांनी पैसे मोजले. जुनी नेहमीच वाईट निघते, असं यावरून समजू नका. दुसऱ्या दोन बंदुका असत्या, तर निकाल उलटाही लागला असता.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या पंचवीस बारांत बंदूक दोनदा अडली. मी धावत जाऊन पाहिलं, तर बंदूक ठीक होती. हवालदारांनी मूठ पुरती मागे ओढलीच नव्हती! अर्धी ओढून ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं वर येत नाही. रायफलवर वीस वर्षं काढलेला माणूस. पण या यंत्राची सवय हाताला नव्हती. दुनळीत ही चूक होऊच शकत नाही. तेव्हा पंप अ‍ॅक्शन घेणाऱ्याने हे पक्कं समजावं, की बंदुकीचा अर्धा भरवसा नळीखालच्या स्प्रिंगमध्ये असतो आणि उरलेला अर्धा आपल्या डाव्या हातात. परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला, म्हणून सराव होत नाही, अशी सबब सांगतात. खोट्या काडतुसांना कोटा नाही. हवालदार आता रोज सकाळी पन्नास वेळा मूठ ओढतात.

काडतुसांचाही विचार करा. जुनी पुठ्ठ्याची काडतुसं पावसाळ्यात फुगत आणि चेंबरमध्ये रुतून बसत. आता प्लॅस्टिकची आली, पण त्यांच्या पितळी बुडाला हिरवट डाग पडतातच. नागपूरचा मे महिना आणि नागपूरचा ऑगस्ट, दोन्ही काडतुसाचे वैरी. पट्ट्यात वर्षानुवर्षं मिरवलेली काडतुसं शोभेची समजा. ती रीतसर बदलून घ्या. निवडणुकीच्या काळात अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत मिळाली की तशीच खांद्याला अडकवू नका. चिंदी आणि तेल घेऊन बसा. सरकत्या मुठीखाली, जिथे नजर जात नाही, तिथे गंज आधी धरतो.

आणि बँकांच्या, संस्थांच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. परवान्याचं नूतनीकरण झालं की बंदुकीचं नूतनीकरण झालं असं मानू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. पाच वर्षं कागद ताजा राहतो; आतली स्प्रिंग राहतेच असं नाही. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराला बंदूक दाखवा आणि वर्षातून एकदा तरी रक्षकाला रेंजवर पाठवा. त्याचा खर्च फार नाही.

परवा पेन्शनच्या दिवशी मी बँकेत गेलो होतो. दाराशी आमचे हवालदार उभे होते. नळी जमिनीकडे, बोट चापापासून दूर. रांगेतल्या एका आजीने त्यांना विचारलं, ‘‘काय रे बाबा, ही चालते का खरंच?’’ ते हसून म्हणाले, ‘‘चालते, आजी. पण चालवायची वेळ येऊ नये, त्यासाठीच उभा आहे.’’

तशी वेळ कोणावरही न येवो.