नोकरीतली पदवी



नोकरी सांभाळून पर्यावरणाचा अभ्यास कसा केला, यावर बोलायला मंडळाने मला उभे केले आहे. मी मूळचा मिरजेकडचा, १९९९ चा सिव्हिल डिप्लोमावाला. रेल्वेत रुळांचे काम करतो.

बेळ्ळंदूरला बिऱ्हाड केले तेव्हा तलावाच्या वासाने खिडकी उघडायची सोय नव्हती. सात वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, पाण्याला फेस का येतो?" इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या मला उत्तर देता आले नाही. सुरुवात तिथून झाली.

तेव्हा पोस्टाने बी.ई. देणाऱ्यांच्या जाहिराती जागोजागी असत. "कॉलेजला जायला नको, पर्यावरण शाखाही आहे," असे सांगून एका एजंटाने मला पटवले. फीचा चेकही लिहिला होता. खात्यातल्या एका ज्येष्ठ साहेबांनी विचारले, "अहो, एआयसीटीईची मान्यता बघितलीत का?" चेक फाडला आणि २००९ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयईला नाव घातले. माझ्यासोबतच्या सहकाऱ्याने मात्र त्या एजंटाकडे फी भरली. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांच्या अशा दूरशिक्षणातल्या पदव्यांवर निकाल दिला, त्यात त्याची पदवी रद्द झाली. त्याच्यासमोर आम्ही अजूनही हा विषय काढत नाही.

एएमआयईला वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत. जून आणि डिसेंबरला परीक्षा. रात्रीचा ट्रॅफिक ब्लॉक संपवून पहाटे घरी आलो की आमच्या सौ. चहाबरोबर पुस्तक पुढे ठेवत. गणित तिसऱ्या खेपेला सुटले. पर्यावरणाचे विषय मात्र गोडीने वाचले. सांडपाण्याची बीओडी परदेशी पुस्तकांत २० अंशांवर पाच दिवस ठेवून मोजतात, आपल्या भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवस. आपल्या हवेला जुळणारी चाचणी! हे समजले त्या रात्री मला झोप आली नाही.

२०१५ मध्ये पास झालो. त्याच मे महिन्यात तलावावरचा फेस पेटला. मुलीला बसवून सांगितले, की शुद्ध न केलेले सांडपाणी, त्यातला डिटर्जंट आणि बांधावरून पडताना पाण्याची होणारी घुसळण, या सगळ्याने फेस येतो. ती म्हणाली, "बाबा, हे आम्हाला शाळेत सांगून झालंय."

तरुण सहकाऱ्यांनो, माझ्या वाटेने आता जाऊ नका. ३१ मे २०१३ पर्यंत नाव घातलेल्यांचीच एएमआयई पदवीच्या बरोबरीची धरतात. टपालाने इंजिनिअरिंगची पदवी आज कोणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायला एआयसीटीईने २०२३ पासून मुभा दिली आहे. कॉलेजच्या मान्यतेची खात्री स्वतः करा, खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. नुसते शिकायचे असेल तर एनपीटीईएलची व्याख्याने फुकट आहेत.

माझी जुनी पुस्तके ज्यांना हवीत त्यांनी आरतीनंतर भेटावे. गणिताचे सोडून, ते केव्हाच रद्दीत गेले.

गणपती बाप्पा मोरया!