दर तिसऱ्या बाजाराला



माझ्या ओपीडीत एकदा एक माऊली आली. सोबत अकरा वर्षांची लेक. पदराची गाठ सोडून तिनं एक छोटी काचेची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. तळाशी पांढरी पूड, वर रबरी बूच. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तीन दवाखाने फिरले. सगळे म्हणतात, हे इंजेक्शन लई डेंजर, रिअ‍ॅक्शन येते, आम्ही टोचत नाही. आता तुम्हीच सांगा, टोचायचं का फेकून द्यायचं?” मी मुलीचं कार्ड पाहिलं. दर २१ दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन, आणि त्या दिवशी ६४वा दिवस होता.

त्या बाटलीतल्या औषधाचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन. बरेच जण त्याला पेनिड्यूर म्हणून ओळखतात. आज याच इंजेक्शनाबद्दल बोलायचं आहे. त्याचा त्रास काय होतो, धोका कुठे असतो, आणि तो सांभाळून ते कसं घ्यायचं. ही सगळी माहिती त्या माऊलीला पहिल्याच दवाखान्यात मिळायला हवी होती.

आधी हे औषध कशासाठी ते पाहू. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घसादुखी होते, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. त्यातल्या काही मुलांचा घसा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे दुखत असतो. त्या जंतूशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती काही मुलांच्या बाबतीत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा सुजतो. याला आपण संधिवाताचा ताप म्हणतो. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाची झडप मात्र सुजते, आणि सूज गेली तरी तिच्यावर व्रण राहू शकतो. पुन्हा घसा बिघडला, पुन्हा ताप आला की व्रणावर व्रण चढतो. होता होता झडप आखडते नाहीतर गळू लागते. विशीतली मुलगी जिना चढताना दम लागून मध्येच बसते, त्यामागे अनेकदा लहानपणचं हे दुखणं असतं.

म्हणजे हे इंजेक्शन झालेली इजा भरून काढत नाही, पुढची इजा टाळतं. आईवडील विचारतात, “पोरगी तर चांगली खेळतेय, मग सुई कशाला?” ती खेळतेय तशीच खेळत राहावी, म्हणून.

साधं पेनिसिलिन टोचलं तर काही तासांत लघवीवाटे निघून जातं. बेंझाथिन पेनिसिलिन पाण्यात फार थोडं विरघळतं. स्नायूत त्याचा साठा होतो आणि तिथून ते रक्तात थोडं थोडं उतरत राहतं. शेतकरी बांधवांना सांगायचं तर हे ठिबक आहे. पण टाकी कधीतरी रिकामी होतेच. चौथ्या आठवड्यात रक्तातलं औषध कमी पडू लागतं, म्हणून आपल्याकडे २१ दिवसांचा नियम धरतात.

याचा उपयोग किती, याचा एक दाखला देतो. युगांडात ८१८ मुलांवर एक अभ्यास झाला. या मुलांच्या झडपांवर रोगाची अगदी सुरुवातीची खूण सोनोग्राफीत दिसली होती. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी हे इंजेक्शन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ३ मुलांचा आजार पुढे सरकला होता. न घेणाऱ्यांपैकी ३३ मुलांचा.

आता त्रासाकडे वळू. सगळ्यात जास्त होणारा त्रास म्हणजे दुखणं. औषध दाट असतं, दुधासारखं. टोचलेली जागा एक-दोन दिवस ठणकते, कधी गाठ येते, मूल लंगडतं. हे दुखणं आपण डॉक्टर मंडळी फार हलक्यानं घेतो. वर्षाला सतरा वेळा ही सुई घ्यायची असते, आणि मुलं इंजेक्शन सोडतात ती बहुतेक या दुखण्यापायीच. ते पुष्कळ कमी करता येतं. माझ्याकडच्या सिस्टरताई कसं करतात ते सांगतो. पुडीत तीन-चार मिलीलिटर निर्जंतुक पाणी घालून त्या बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवतात, गुठळी राहू देत नाहीत. भरलेली सिरिंज थोडा वेळ मुठीत धरून कोमट करतात. सुई फार बारीक घेत नाहीत, कारण बारीक सुईत हे औषध अडकतं आणि मग दुसऱ्यांदा टोचावं लागतं. स्पिरिट पूर्ण वाळू देतात. टोचायच्या जागी दहापर्यंत आकडे मोजत अंगठा दाबून धरतात आणि मग टोचून, घाई न करता, औषध हळूहळू सोडतात. तोवर पोराला शाळेतलं काहीतरी विचारत राहतात. फार घाबरणाऱ्या मुलाच्या औषधात डॉक्टरांच्या सांगण्यावरून बधिर करणारं लिग्नोकेनही मिसळता येतं. घरी गेल्यावर कोमट पाण्याचा शेक द्या आणि थोडं चालवा.

हे औषध नेहमी स्नायूतच जायला हवं. शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. कुल्ल्यावर द्यायचं तर वरच्या बाहेरच्या भागात, नाहीतर पायाच्या मोठ्या नसेला इजा होते. टोचताना पायात खालपर्यंत कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर मुलानं लगेच ओरडून सांगावं. गप्प बसून सोसू नये. झडप बदललेले आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण असतील, तर त्यांनी सुई लागण्यापूर्वी ते आठवणीनं सांगावं. त्यांच्या स्नायूत रक्त साकळू शकतं.

दुसरा त्रास म्हणजे भोवळ. सुईच्या भीतीनं, उपाशीपोटी, रांगेत उभं राहून मूल पांढरंफटक पडतं, घाम सुटतो, नाडी मंद होते. आडवं करून पाय उंच केले की बहुतेक वेळा काही मिनिटांत सावरतं. याला लोक रिअ‍ॅक्शन म्हणतात, गावभर चर्चा होते, आणि पुढच्या वेळी त्या मुलाला कुणी सुई लावत नाही. म्हणून इंजेक्शनला येताना मुलाला काहीतरी खाऊ घाला, पाणी पाजा, आणि सुई झोपवूनच द्यायला सांगा.

खरी रिअ‍ॅक्शन वेगळी असते. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, घसा आवळतो, छातीत घरघर होते, उलटी होते. नाडी जलद पण क्षीण लागते. ही पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. ती गंभीर असते आणि ती होऊ शकते, हे मी अजिबात लपवणार नाही. पण किती वेळा होते? १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांना मिळून ३२,४३० इंजेक्शनं दिली होती. त्यात अशी तीव्र अ‍ॅलर्जी चौघांना झाली आणि एक रुग्ण दगावला. एक मृत्यूही फार मोठा असतो. पण इंजेक्शन थांबवलं तर वर्षानुवर्षं बिघडत जाणारी झडप, ऑपरेशन आणि अकाली मरण हे सगळं तराजूच्या दुसऱ्या पारड्यात येतं. ते पारडं आपल्याला दिसत नाही, कारण ते मूल दवाखान्याच्या बाकावर कोसळत नाही. दहा वर्षांनी घरी, उशांवर उशा रचून बसल्या बसल्या श्वास घेत असतं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. ज्यांच्या झडपा फार बिघडल्या आहेत, हृदय थकलं आहे, दम लागतो, पायांवर सूज आहे, अशा रुग्णांच्या बाबतीत इंजेक्शननंतर झालेल्या काही मृत्यूंमागे अ‍ॅलर्जी नसून आधीच दुबळं झालेलं हृदय ती भोवळ सोसू शकलं नाही, हे कारण असावं, असं तज्ज्ञांचं मत आता बनत आहे. अशा रुग्णांनी इंजेक्शनऐवजी पेनिसिलिनच्या रोजच्या गोळ्या चालतील का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. मनानं बदल करू नये. ज्यांना खरोखर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठीही दुसऱ्या गोळ्या आहेत. मात्र आईला किंवा मावशीला अ‍ॅलर्जी आहे, म्हणून मुलाला होईलच असं नाही.

“टेस्ट डोस दिलाय, आता काळजी नाही,” असंही आपण नेहमी ऐकतो. आपल्याकडे पहिल्या इंजेक्शनापूर्वी कातडीत थोडं औषध टोचून पाहण्याची पद्धत आहे. ती करावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. टेस्ट चांगली आली तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि आधीची दहा इंजेक्शनं सुखरूप गेली तरी अकराव्याला येऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. एसटी चुकली तरी चालेल. तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते, आणि तेव्हा मूल घाटात नव्हे, डॉक्टरांच्या नजरेसमोर असायला हवं.

माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. तुमची भीती मला कळते. काही बरंवाईट झालं तर जमाव दवाखान्यावर येतो. पण त्या भीतीवरचं औषध आपल्या कपाटात असतं, ते म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन. अँप्युल फोडून ठेवायची गरज नाही, पण ती, सिरिंज आणि सुई एका ट्रेमध्ये हाताशी असावी, आणि तिची मुदत तपासलेली असावी. रिअ‍ॅक्शन आली की मांडीच्या स्नायूत लगेच द्यायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलीलिटर, मुलाला वजनाप्रमाणे त्याहून कमी. अ‍ॅलर्जीचं दुसरं इंजेक्शन आणि स्टिरॉइड त्यानंतर. ती देण्यात पहिली पाच मिनिटं गेली आणि अ‍ॅड्रिनॅलिन राहून गेलं, असं होता कामा नये. श्रोतेहो, तुम्हीही न संकोचता विचारा, “अ‍ॅड्रिनॅलिन आहे ना?” जिथे ते नाही, तिथे हे इंजेक्शन घेऊ नका. आणि कुणाला घरी बोलावून तर मुळीच घेऊ नका.

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिन आपल्याच देशात तयार व्हावं म्हणून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा त्याला हातभार होता. इतक्या कष्टानं देशात आलेलं औषध गावच्या दारात येऊन परत जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शन किती वर्षं? हृदयाला धक्का लागला नसेल तर शेवटच्या तापापासून पाच वर्षं किंवा वयाच्या अठरापर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. हृदयाला सूज येऊन गेली असेल तर दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप जास्त खराब असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर बहुधा आयुष्यभर. हा निर्णय तपासणी करूनच होतो. बरं वाटतंय म्हणून थांबवायचं नाही.

मुलींच्या बाबतीत हे थांबतं ते लग्नाच्या वेळी. कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहतं, सासरी कुणाला सांगितलेलं नसतं. मग दिवस जातात, हृदयावरचा भार वाढतो, आणि सातव्या महिन्यात ती पोरगी धापा टाकत माझ्यासमोर येते. आयांनो, लेकीच्या आजाराबद्दल जावयाला आधी सांगा, आणि ते कार्ड रुखवतापेक्षा जपून तिच्याबरोबर द्या. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं, अंगावर पाजतानाही चालतं. पाळीत इंजेक्शन घेऊ नये, हाही गैरसमज आहे.

आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या पाच-सहा महिन्यांत सात-आठ इंजेक्शनं येतात. निघण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. त्यात औषधाचं नाव, डोस आणि शेवटची तारीख असावी. फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात ती चिठ्ठी दाखवा. तारीख चुकली तर घाबरून सोडून देऊ नका. आठवेल त्या दिवशी घ्या आणि तिथून पुन्हा २१ मोजा. चुकलेलं भरून काढायला दोन इंजेक्शनं एकदम घ्यायची नाहीत.

त्या माऊलीच्या लेकीला आम्ही त्याच दिवशी, सगळी तयारी ठेवून, इंजेक्शन दिलं. अर्धा तास ती बाकावर पाय हलवत बसली. आई म्हणाली, “मला २१ मोजता येत नाही हो, मधेच चुकतं.” मी विचारलं, “गावचा बाजार कधी?” म्हणाली, “बुधवारी.” तो दिवस बुधवारच होता. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणजे इंजेक्शनाचा वार कधी बदलतच नाही. तेव्हापासून दर तिसऱ्या बाजाराला ती येते. आधी दवाखाना, अर्धा तास बसणं, आणि मग भाजी. परवा तिनं कार्ड पुढे केलं, तेव्हा त्यावर त्या दिवसापासूनच्या एकतीस सह्या होत्या. एकाही सहीपुढची तारीख चुकलेली नव्हती.